मदत हवी आहे : दुसरीच्या वर्गातील वाचन-अडचणींची लवकर चाचपणी

नमस्कार. मी सरकारी प्राथमिक शाळेत दुसरीला शिकवते. वर्गातील चार मुले ऐकलेली गोष्ट नीट सांगतात. मात्र वाचायला बसली की वेलांट्या-उकार गाळतात आणि जोडाक्षरापाशी अडून पुढचा शब्द अंदाजाने म्हणतात. त्यांना आळशी ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

डिस्लेक्सियाचे, म्हणजे अक्षरे आणि ध्वनी जुळवून वाचण्यात सातत्याने येणाऱ्या अडचणीचे, निदान तज्ज्ञांनीच करायचे असते. परंतु शब्दातील ध्वनी सुटे करणे, अक्षर पाहून त्याचा उच्चार करणे आणि ओळीने मांडलेल्या चित्रांची नावे भराभर सांगणे यांत मूल कुठे अडते, यावरून निदानाआधीच मदतीची गरज ओळखता येते, आणि ती मदत जितकी लवकर मिळेल तितकी अधिक उपयोगी पडते.

४० मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाला वापरता येईल अशी मराठी चाचपणी कोणी प्रत्यक्ष करून पाहिली आहे का? इंग्रजी चाचण्यांचे नुसते भाषांतर पुरत नाही, कारण देवनागरीत एकाच अक्षरात व्यंजन आणि स्वर एकत्र येतात. शिवाय या चौघांचा रोज २० मिनिटे ध्वनींवर आधारित सराव घेताना उरलेल्या वर्गाला कोणते काम द्यावे, आणि पालकांना न घाबरवता हे सारे कोणत्या शब्दांत सांगावे?