टेम्प्लेटमध्ये क्वेरी लिहावी की लिहू नये?

टेबलखुर्ची (धागाकर्ता)

माझं मत सरळ आहे: टेम्प्लेट फाइलमध्ये (पान कसं दिसायचं ते ठरवणारी फाइल) डेटाबेस क्वेरी (डेटाबेसकडे केलेली माहितीची मागणी) नकोच. टेम्प्लेटनं हातात आलेलं छापावं, बस्स. वर क्वेरी, खाली एचटीएमएल अशा फायली वर्डप्रेस थीममध्ये सर्रास दिसतात, आणि मग पेजिनेशन (यादी पानांत वाटणं) बिघडलं की लोक दुवे दुरुस्त करत बसतात.

उदाहरण घ्या. सेटिंगमध्ये पानाला 10 पोस्ट, एकूण पोस्ट 20. आर्काइव्हच्या (पोस्टच्या यादीच्या) टेम्प्लेटमध्ये कुणीतरी वेगळी डब्ल्यूपी_क्वेरी (पोस्ट मागवायचा वर्डप्रेसचा क्लास) लिहून पानाला 6 पोस्ट मागतो. खाली चार पानांचे दुवे येतात. पहिली दोन पानं उघडतात, तिसऱ्यावर 404 ('पान सापडलं नाही'). क्वेरीत चूक नाही, दुव्यात चूक नाही. पण कुठलं टेम्प्लेट लावायचं हे ठरण्याआधीच मुख्य क्वेरी (पत्त्यावरून वर्डप्रेस स्वतः चालवतं ती) धावून गेलेली असते. तिच्या हिशेबानं पानं दोनच. तिसरं मागितलं की तिला काही सापडत नाही, वर्डप्रेस 404 ठरवून मोकळं होतं, आणि तुमच्या फाइलपर्यंत गाडी पोचतच नाही.

उपाय टेम्प्लेटबाहेर आहे. प्री_गेट_पोस्ट्स हुकला (क्वेरी धावण्याआधी आपला कोड जोडायची जागा) फंक्शन जोडा. आपण ॲडमिनमध्ये नाही आणि हातातली क्वेरी मुख्यच आहे, हे दोन्ही तपासा. मग पोस्ट्स_पर_पेज 6 करा. टेम्प्लेटमध्ये नेहमीचा लूप (पोस्ट एकेक करून छापणारी फेरी). तपासणी गाळलीत तर साइडबारमधली 'ताज्या पोस्ट'ची यादी आणि ॲडमिनमधली यादीही सहाचीच होते.

अर्धविराम

आर्काइव्हचा मुद्दा शंभर टक्के मान्य. तिथून थेट 'नकोच'पर्यंत मारलेली उडी अमान्य.

मुखपृष्ठावर तीन आगामी कार्यक्रम दाखवायचे आहेत. मुख्य क्वेरीशी त्यांचा संबंध नाही, पेजिनेशन नाही. यासाठी हुक, क्लास, वेगळी फाइल हा फाफटपसारा कशाला? टेम्प्लेटच्या त्या तुकड्यातच डब्ल्यूपी_क्वेरी लिहिली तर पुढच्या माणसाला सगळं एका नजरेत दिसतं. पथ्यं मात्र पाळायची. नो_फाउंड_रोज ट्रू ठेवा, म्हणजे एकूण ओळी मोजण्याचं काम वाचतं (पेजिनेशन असेल तिथे हेच केलंत तर पानांची संख्या शून्य येते आणि दुवे गायब होतात). पोस्ट्स_पर_पेज उणे 1 (म्हणजे सगळ्याच पोस्ट) कधीही नको. लूप संपला की डब्ल्यूपी_रीसेट_पोस्टडेटा (मूळ पोस्ट परत आणणारा). तो राहिला की खालच्या भागात भलत्याच पोस्टचं शीर्षक झळकतं आणि माणूस दिवसभर चुकीच्या फाइलमध्ये शोधत बसतो.

क्वेरी_पोस्ट्सबद्दल बोलतच नाही. ते मुख्य क्वेरीच बदलून टाकतं, वापरू नका.

नलव्हॅल्यू

दोघंही डब्ल्यूपी_क्वेरी गृहीत धरून चाललात. मेटा क्वेरीत (पोस्टसोबतच्या जादा माहितीवरची क्वेरी) चार अटी घातल्या की पोस्टमेटा टेबल साधारण चारदा जोडलं जातं, आणि मेटा_व्हॅल्यू हा लाँगटेक्स्ट (लांब मजकुराचा) कॉलम, त्यावर मुळात इंडेक्सच (शोध वेगवान करणारी सूची) नाही. पोस्ट वाढल्या की पान रांगायला लागतं. गाळण्या आणि बेरजा जास्त असतील तर स्वतंत्र टेबल करा, संख्येला इंट, तारखेला डेट कॉलम द्या, इंडेक्स घाला आणि डब्ल्यूपीडीबीच्या (वर्डप्रेसचा डेटाबेसशी बोलणारा क्लास) गेट_रिझल्ट्सनं थेट एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) चालवा.

मेटामध्ये किंमत ठेवून चढत्या क्रमानं लावलीत तर 100, 20, 9 असा क्रम येतो, कारण तुलना अक्षरांची होते. मेटा_व्हॅल्यू_नम वापरलं की क्रम सुधारतो. वेग नाही सुधारत.

टेबलखुर्ची

@नलव्हॅल्यू, स्वतंत्र टेबलाला विरोध नाही. थेट एसक्यूएल टेम्प्लेटमध्ये लिहिण्याला आहे. पोस्ट टेबलावर हातानं सिलेक्ट लिहिताना पोस्ट_स्टेटस 'पब्लिश' ही अट विसरली की मसुदे, कचऱ्यातल्या पोस्ट, जुन्या आवृत्त्या सगळं वाचकासमोर. डब्ल्यूपी_क्वेरी ही राखण आपोआप करते. पत्त्यातून आलेली व्हॅल्यू थेट एसक्यूएलमध्ये चिकटवणं तर हल्लेखोराला निमंत्रणच. डब्ल्यूपीडीबीचं प्रीपेअर वापरा, आकड्याला %डी, मजकुराला %एस, आणि %एसभोवती स्वतःची अवतरणचिन्हं घालू नका, ती प्रीपेअर घालतं.

डहाळी

ड्रुपलमध्ये (वर्डप्रेससारखीच संकेतस्थळं बांधायची प्रणाली) हा वाद बराचसा निकाली निघालाय. ड्रुपल 8 पासून, म्हणजे 2015 पासून, टेम्प्लेट ट्विग या टेम्प्लेट-भाषेत असतं. तिथे पीएचपी लिहिताच येत नाही आणि छापलेली व्हॅल्यू आपोआप एस्केप होते (धोकादायक चिन्हं निरुपद्रवी केली जातात). यादी व्ह्यूजमध्ये (ड्रुपलचं यादी बांधायचं साधन) बांधायची, किरकोळ फेरफार प्रीप्रोसेसमध्ये (टेम्प्लेटआधी धावणारं फंक्शन) करायचे.

म्हणून टेबलखुर्ची जिंकले असं समजू नका. क्वेरी बाहेर काढली की सुटलो, असं होत नाही. ट्विगमध्ये संदर्भ-फील्डमधून (दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखवणारं फील्ड) हात घालून लेखकाचं नाव थेट उचललंत की त्या लेखकाचा कॅश टॅग (साठवलेलं पान कधी शिळं झालं ते सांगणारी खूण) पानाला लागत नाही. मग लेखकाचं नाव बदललं तरी पानावर जुनंच. फील्ड पूर्ण रेंडर करा, नाहीतर प्रीप्रोसेसमध्ये त्या एंटिटीवरचं (इथे लेखकावरचं) कॅशचं अवलंबन स्पष्ट नोंदवा. कॅश पुसून 'झालं दुरुस्त' म्हणणाऱ्यांना हा दोष पुन्हा भेटतोच.

अर्धविराम

एस्केपिंगवरून आठवलं. वर्डप्रेसमध्ये ते आपल्यालाच करावं लागतं आणि ते छापतानाच करायचं असतं: मजकुराला ईएससी_एचटीएमएल, ॲट्रिब्यूटला ईएससी_ॲटर, दुव्याला ईएससी_यूआरएल. म्हणजे टेम्प्लेटला डेटाची जाण हवीच. 'नुसतं छापा' म्हणणाऱ्यांच्या डोक्यात हे नसतं.

शिवाय क्वेरी डोळ्यांसमोर नसली की लपलेल्या क्वेरी दिसत नाहीत. पोस्टचा मेटा डब्ल्यूपी_क्वेरी एका फटक्यात आणते, पण दुय्यम लूपमध्ये प्रत्येक फीचर्ड इमेजसाठी अटॅचमेंट (चित्राची नोंद) आणि तिचा मेटा वेगळा आणला जातो. 20 पोस्ट म्हणजे 40 पर्यंत जादा क्वेरी. लूपच्या आधी अपडेट_पोस्ट_थंबनेल_कॅशला ती क्वेरी द्या, थांबतं. क्वेरी मॉनिटर प्लगइन लावून आकडा बघा, मग वाद घाला.

टेबलखुर्ची

आकड्यावर +१. पण थंबनेल_कॅशची ती ओळ कुठे लिहायची? यादी तीन टेम्प्लेटमध्ये असेल तर तीनदा? मी फंक्शनमध्ये एकदाच लिहीन.

नलव्हॅल्यू

त्याच फंक्शनमध्ये ट्रान्झियंटही (ठरावीक मुदतीपुरता साठवलेला निकाल) टाका: मुदत एक तास, आणि सेव्ह_पोस्ट हुकवर, म्हणजे पोस्ट जतन होताना, तो पुसा. एक मेख आहे. ट्रान्झियंट नसला तर फॉल्स मिळतं, पण यादी रिकामी असेल तर साठवलेला रिकामा ॲरे मिळतो. तपासणी नुसत्या उद्गारचिन्हानं (पीएचपीतलं 'नाही'चं चिन्ह) केलीत तर दोन्ही सारखेच भासतात आणि रिकाम्या यादीची जड क्वेरी प्रत्येक भेटीला धावते. तीन बरोबर-चिन्हांनी फॉल्सशीच तुलना करा.