३६ तासांचे हॅकेथॉन आणि तिघींचाच संघ: कामाची आखणी कशी करावी?

प्रश्न

नमस्कार. पुढील महिन्यात होणाऱ्या ३६ तासांच्या हॅकेथॉनसाठी (ठरलेल्या वेळेत सलग बसून ॲप तयार करण्याच्या स्पर्धेसाठी) आम्ही तिघींनी नावे नोंदवली आहेत. सर्व्हर आणि डेटाबेस माझ्याकडे आहे, एक मैत्रीण मोबाइल ॲप लिहिते आणि तिसरी डिझाइन करते. तिला कोड लिहिता येत नाही. दृष्टिहीन परीक्षार्थींना लेखनिक मिळवून देणारे ॲप करावे असे आमच्या मनात आहे, कारण परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी लेखनिकाने नकार कळवल्यावर घरात काय धावपळ उडते, हे मी धाकट्या भावाच्या बाबतीत पाहिले आहे. नियमानुसार संघात पाच जण चालतात. ओळख नसलेले आणखी दोघे घ्यावेत का? आणि तिघींनीच उतरायचे तर नोंदणी, लॉगिन, नकाशा, चॅट, रेटिंग हे सगळे वेळेत कसे बसवावे?

पहिले उत्तर

माझे मत स्पष्ट आहे: अनोळखी माणसे घेऊ नका. तिघींमध्ये बोलण्याच्या जोड्या तीनच होतात, पाच जणांत त्या दहा होतात, आणि एकमेकांच्या कामाची पद्धत समजून घेण्यात जाणारे तास ३६ मधूनच वजा होतात.

मात्र तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच लिहिलेल्या एका वाक्यात आहे. लेखनिक शोधून देणे ही सर्वसाधारण कल्पना झाली. आदल्या संध्याकाळी नकार आला तर पुढे काय, हा तुमचा खरा विषय आहे. तेवढेच करा. नकार येतो, त्याच भाषेत लिहू शकणाऱ्या आणि त्या वेळी मोकळ्या असलेल्या पुढच्या लेखनिकाला विचारणा जाते, तो होकार देतो आणि परीक्षार्थीला निरोप मिळतो. या चार पायऱ्या अखंड चालल्या पाहिजेत. लॉगिनऐवजी आधीच तयार केलेली दोन खाती वापरा. नकाशा, चॅट आणि रेटिंग पूर्णपणे वगळा. सादरीकरणाच्या चार-पाच मिनिटांत परीक्षकांना ते पाहायला वेळही नसतो.

दुसरे उत्तर

वरील मताशी मी सहमत आहे; कामाच्या क्रमाबद्दल थोडे लिहितो. पहिला तासभर कोणीही कोड लिहू नये. ॲप सर्व्हरला काय पाठवेल आणि उत्तरात काय येईल, त्या जेसनचा (माहिती पाठवण्याच्या ठरावीक मांडणीचा) नमुना कागदावर ठरवावा आणि तो कागद समोर चिकटवावा. आमच्या एका स्पर्धेत तारीख मी मजकूर म्हणून पाठवत होतो आणि सहकारी ती संख्या समजून वाचत होता. दोघांचाही कोड आपापल्या जागी बिनचूक होता, त्यामुळे चूक सापडायला पहाटेचे तीन वाजले. नमुना ठरला की ॲप लिहिणारीने सर्व्हरची वाट न पाहता खोट्या माहितीवर पडदे उभे करावेत, आणि तुम्ही पहिल्या चार तासांतच अगदी रिकामा का होईना, पण सर्व्हर इंटरनेटवर चढवून ठेवावा. जे शेवटच्या तासात पहिल्यांदा चढवले जाते ते हमखास अडते.

गिटमध्ये (कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात) छोटे कमिट करा, म्हणजे बदल थोडे थोडे नोंदवा, आणि दर दोन-तीन तासांनी मर्ज करा, म्हणजे दोघींचे काम एकत्र जोडा. एपीआय की (बाहेरची सेवा वापरण्यासाठी मिळालेली गुप्त किल्ली) कोडमध्ये लिहू नका. चुकून कमिट झालीच तर फाइल काढून टाकणे पुरेसे नाही, कारण जुन्या कमिटमध्ये ती वाचता येते. ती की रद्द करून नवीनच घ्यावी लागते. शेवटचे सहा तास नवे काही जोडायचे नाही, हे आत्ताच ठरवा. चालू स्थितीतील ॲपचे चित्रीकरणही करून ठेवा, म्हणजे सादरीकरणात नेटवर्कने दगा दिला तरी दाखवायला काही राहील.

तिसरे उत्तर

डिझाइन करणाऱ्या मैत्रिणीविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. या ॲपमध्ये सर्वांत जबाबदारीचे काम तिचेच आहे. तिने टॉकबॅक (पडद्यावरचे बोलून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) सुरू करून, पडद्याकडे न पाहता, प्रत्येक पायरी स्वतः पार करून पाहावी. ज्या बटणावर केवळ चित्र आहे आणि ज्याला नाव दिलेले नाही, त्यावर बोट ठेवल्यावर ते बटण आहे एवढेच कळते; ते होकाराचे की नकाराचे, हे कळायला मार्गच नसतो. असे एक बटणसुद्धा राहिले तर ॲप ज्यांच्यासाठी आहे त्यांनाच ते वापरता येणार नाही. सादरीकरणही तिलाच करू द्या, म्हणजे तुम्हा दोघींचे हात शेवटपर्यंत कोडवर राहतील.

आधी लिहिलेला कोड चालतो का, हे नियमांत नीट पाहा. बहुतेक ठिकाणी तो चालत नाही, पण मुक्त स्रोत लायब्ररी (इतरांनी लिहून सर्वांसाठी खुला ठेवलेला तयार कोड) वापरता येतात आणि कागदावरील आराखड्याला सहसा हरकत नसते. आणि झोपा. तिघींनी आळीपाळीने चार-चार तास झोपणे हे आखणीतच लिहून ठेवा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही तिघीच जाणार आहोत आणि नकारानंतरच्या चार पायऱ्यांपलीकडे काही करणार नाही. काल भावाला कागदावरचा निरोप वाचून दाखवला. ‘आपल्या विनंतीनुसार पर्यायी लेखनिकाची व्यवस्था करण्यात आली आहे’ अशी आमची सुरुवात होती. त्याने मध्येच थांबवून सांगितले, की आधी लेखनिकाचे नाव आणि फोन क्रमांक येऊ द्या, कारण त्या संध्याकाळी तो सगळा निरोप ऐकत बसणार नाही. निरोपाचा क्रम आम्ही तसा बदलला आहे.