मदत हवी आहे : जुन्या घराच्या भिंतींसाठी रोलर घ्यावा की ब्रश?
सर्वांना सप्रेम नमस्कार. बडोद्यात दांडिया बाजार भागातील आमच्या जुन्या घराच्या दोन खोल्या दिवाळीपूर्वी स्वतःच रंगवण्याचे आम्ही ठरवले आहे आणि त्यासाठी साधने निवडताना जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

भिंती चुन्याच्या गिलाव्याच्या असून डिस्टेंपरचे पोपडे सुटले आहेत. खिडकीखाली नखाने खरवडले तरी आधी पिवळा, मग फिकट निळा आणि शेवटी पांढरा थर दिसतो. हे सारे लोखंडी पट्टीने काढून पॉलिश पेपरने घासणार आहोत. त्यावर लावायचा इमल्शन रंग पाण्यात मिसळायचा असतो आणि नैसर्गिक केसांचा ब्रश पाणी शोषून मऊ पडतो, म्हणून ब्रश नायलॉनचाच घेऊ.

खरी अडचण रोलरची आहे. गुळगुळीत भिंतीला रोलरवर आखूड लव (केसाळ आवरण) आणि खडबडीत भिंतीला लांब लव लागते. आमची भिंत मात्र हातभर अंतरातच दोन्ही प्रकारची आहे. अशा वेळी मध्यम लवेचा ९ इंची रोलर चालेल, की ४ इंची ब्रशच बरा? शिवाय कोरीव लाकडी चौकटींलगतच्या कडांसाठी किती रुंदीचा ब्रश घ्यावा? सासूबाईंनी त्या चौकटी वर्षानुवर्षे तेल लावून जपल्या आहेत; त्यांवर रंगाचा थेंबही पडू नये, अशी माझी फार इच्छा आहे. ज्यांनी अशा भिंती रंगवल्या आहेत, त्यांनी कृपया कळवावे.