जुन्या महिंद्रा जीपला दुसऱ्या गाडीचा पुढचा ॲक्सल आणि हब चालतील का?

डोंगरवाट:
नमस्कार. माझ्याकडे जुनी महिंद्रा सीजे-3बी आहे. पुढच्या डिफरन्शियलमधील (ॲक्सलच्या मधल्या गिअरपेटीतील) क्राऊनचे, म्हणजे मोठ्या दातेरी चक्राचे, दात तुटल्यामुळे फोर-व्हील (चारही चाकांना जोर देण्याची सोय) बंद पडले आहे, आणि शेताची वाट चिखलाची असल्याने पावसाळ्यापूर्वी ते सुरू करणे भाग आहे. जुन्या बाजारात एमएम-540 चा म्हणून एक पूर्ण पुढचा ॲक्सल फ्री-व्हील हबांसह (चाक शाफ्टला जोडणाऱ्या किंवा त्यापासून मोकळे करणाऱ्या टोप्यांसह) मिळतो आहे. ‘महिंद्राचाच आहे, बसून जाईल’ असे विक्रेता म्हणतो. झाकण उघडून पाहिले तेव्हा क्राऊनला 39 आणि पिनियनला (क्राऊन फिरवणाऱ्या लहान चक्राला) 8 दात निघाले. माझ्या मागच्या ॲक्सलला 43 आणि 8 आहेत. एवढा फरक चालेल का? नसल्यास त्याचे केवळ हब घेण्यात अर्थ आहे का?

जुने_लोखंड:
दात मोजून विचारलेत हे उत्तम केलेत. ॲक्सलचे गुणोत्तर, म्हणजे क्राऊनच्या एका फेऱ्यामागे पिनियनचे फेरे, असे निघते: 43 भागिले 8 म्हणजे 5.38 आणि 39 भागिले 8 म्हणजे 4.88, म्हणजेच दोन्ही प्रोपेलर शाफ्ट (ॲक्सलपर्यंत जोर नेणारे दांडे) सारख्याच वेगाने फिरत असताना मागची चाके 100 फेरे घेतील तेव्हा पुढची 110 घेऊ पाहतील. या गाडीत पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये फरक सामावून घेणारे मधले डिफरन्शियल नसते, त्यामुळे एका किलोमीटरमागे पडणारा हा 100 मीटरचा फरक टायर घासून किंवा शाफ्ट पिळूनच निघतो. चिखलात टायर घसरून थोडे निभावते, पण घट्ट जमिनीवर ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणाऱ्या पेटीचा) दांडासुद्धा निघत नाही. त्याच गाडीचा मागचा ॲक्सलही मिळत असेल तर जोडीने घ्यावा, अन्यथा 5.38 चाच पुढचा शोधावा. मागचा बदलल्यास स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागेल, एवढे लक्षात असू द्या.

कच्चा_रस्ता:
एरवी हब मोकळे ठेवले तर पुढचे शाफ्ट आणि क्राऊन फिरतच नाहीत, मग गुणोत्तर वेगळे असले तरी तूर्त गाडी चालवायला काय हरकत आहे?

जुने_लोखंड:
डांबरी रस्त्यावर काहीच हरकत नाही, पण प्रश्नकर्त्यांना फोर-व्हीलच हवे आहे. शिवाय या जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये पुढचा ॲक्सल जोडल्याशिवाय लो गिअर (कमी वेग, जास्त जोर) पडत नाही. हब मोकळे ठेवून लो घातला, तर वाढलेला सगळा जोर एकट्या मागच्या ॲक्सलवर येतो, आणि भरल्या ट्रॉलीसह चढावर असे करणे मला तरी पटत नाही.

ग्रीसचा_डबा:
हबांविषयी सांगतो. टोकाचे फ्री-व्हील हब तेवढे घ्यायचे असतील तर शाफ्टवरच्या खाचांची संख्या, सहा बोल्टांच्या भोकांची जुळणी आणि शाफ्टचे टोक सर्क्लिपपर्यंत (टोकावर बसणाऱ्या कडीपर्यंत) पुरेसे बाहेर येते की नाही, हे आपला शाफ्ट सोबत नेऊन तिथेच घालून पाहावे. बेरिंगसकट पूर्ण हब घ्यायचा असेल तर काम वाढते, कारण सीजे-3बी चे ड्रम 9 इंची असतात आणि नंतरच्या गाड्यांचे ब्रेक निराळे असतात. जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलट्या आट्यांचे नट असत. हब बदलला की तेही तपासा, नाहीतर रस्त्यात पंक्चर झाल्यावर कोणीतरी पान्यावर उभा राहून बोल्टच तोडेल.

बसवताना चाक फिरवत बेरिंगचा आतला नट ते जड होईपर्यंत आवळावा, मग साधारण एक षष्ठांश फेरा सैल करावा, वॉशरची पाकळी दुमडावी आणि मगच बाहेरचा नट कसावा.

डोंगरवाट:
सर्वांचे आभार. दुसरीकडे एक ॲक्सल आहे, पण मालक झाकण उघडू देत नाही. बाहेरून गुणोत्तर कळते का?

जुने_लोखंड:
कळते. हब लॉक करा, एक चाक धरून ठेवा आणि दुसरे बरोबर दोन फेरे फिरवा. पिनियनच्या फ्लँजवर (प्रोपेलर शाफ्ट जोडायच्या चकतीवर) खडूची खूण केलेली असली की तिचे फेरे मोजता येतात: पाचाला थोडे कमी पडले तर 4.88, पाच होऊन आणखी तिसऱ्या भागाहून किंचित जास्त झाले तर 5.38. फिरवताना कुठे अडखळले किंवा खडखड आली तर घेऊ नका. आणि पुढेमागे एखादा फक्त क्राऊन स्वस्तात देऊ लागला तर नकार द्या. क्राऊन-पिनियन जोडीने घासून जुळवलेले असतात, आणि दुसऱ्या जोडीतला दात शिम (मध्ये घालायच्या पातळ चकत्या) कितीही बदलल्या तरी नीट बसत नाही.