मदत हवी आहे: डीटीपीचा जुना पीसी बदलायचाय, पण श्रीलिपीच्या लॉकचं काय करू?

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावी डीटीपी आणि मिनी ऑफसेटचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल असली कामं. दुकानातला मुख्य पीसी आता बदलावाच लागणार. नवा कुठला घ्यायचा हे ठरेल कसंही, जुन्यातलं नव्यात न्यायचं कसं तिथे घोडं अडलंय.

जुना पीसी: कोअर २ ड्युओ ई७५००, जी४१ बोर्ड, २ जीबी रॅम, ३२० जीबी हार्डडिस्क, विंडोज ७ (३२-बिट). त्यावर पानं लावायला पेजमेकर ७, डिझाइनला कोरल आणि मराठी टायपिंग व फाँटसाठी श्रीलिपी. श्रीलिपीचं लॉक, म्हणजे ती चालायला पीसीला लावावी लागणारी छोटी डबी, जुन्या पद्धतीचं, मागच्या रुंद प्रिंटर (पॅरलल) पोर्टला स्क्रूने आवळायचं. ते काढलं की मराठी टायपिंग बंद. पानं लावायला हे मशीन मला अजूनही पुरतं, खोटं कशाला बोलू? पण बाकी सगळीकडे अडतं. क्रोम १०९ च्या पुढे जात नाही. गिऱ्हाईक कॅनव्हात केलेली पत्रिका व्हॉट्सॲपवर पाठवतं, आणि ती पीडीएफ उघडेपर्यंत समोरचा माणूस चहा पिऊन येतो. एवढंही चालवून घेतलं असतं, पण आता सकाळी पीसी चालू केला की हार्डडिस्क टकटक वाजते. डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळा ‘कॉशन’ दाखवतंय आणि रिअलोकेटेड सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या खराब झालेल्या जागांचा, आकडा वाढत चाललाय.

कोटेशन आणलंय: आय३-१२१००एफ, एच६१० बोर्ड, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी, कॅबिनेट, एसएमपीएस, विंडोज ११. मॉनिटर जुनाच वापरणार, १८.५ इंची, त्याला फक्त व्हीजीए (जुन्या पद्धतीचं मॉनिटर केबलचं पोर्ट) आहे. बजेट जीएसटी धरून ४० हजार. दुकानदार म्हणतो रॅमचा भाव आजचा आज, उद्याचं सांगत नाही. लॉकचं विचारलं तर म्हणे, “यूएसबीचा कन्व्हर्टर लावून देतो, बिनधास्त राहा.”

कन्व्हर्टरवर लॉक चालेल का? आणि विंडोज ११ वर पेजमेकर चालतं का? ‘युनिकोडवर या’ असं कुणी म्हणायच्या आधीच सांगतो, नवी कामं त्यात करायला माझी ना नाही. पण पतसंस्थेचे सचिव दरवर्षी येतात आणि म्हणतात, “मागचंच मॅटर, फक्त आकडे बदला.” ते सगळं मॅटर जुन्या फाँटात आहे.

प्रतिसाद १

आधी ते कोटेशन परत द्या. १२१०० च्या मागे ‘एफ’ असला की प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं. तुमच्या यादीत वेगळं कार्डही दिसत नाही. म्हणजे पंखा फिरेल, पडद्यावर काही येणार नाही. साधा १२१०० मागा. एच६१० बोर्ड डीडीआर४ चा आहे की डीडीआर५ चा तेही लिहून घ्या, एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. शिवाय व्हीजीए असलेलाच बोर्ड बघा. १६ जीबी परवडत नसेल तर ८ ची एकच स्टिक घ्या, दुसरा स्लॉट रिकामा राहू दे.

कन्व्हर्टरच्या नादी लागू नका. यूएसबी-पॅरलल केबल प्रिंटरपुरतीच असते. जुनं लॉक थेट पोर्टच्या पत्त्याशी बोलतं आणि या केबलला तो पत्ताच नसतो. पीसीआय एक्स्प्रेसचं पॅरलल कार्ड मिळतं, पण लॉकचा ड्रायव्हर ३२-बिट असणार. तो ६४-बिट विंडोजवर चढत नाही आणि विंडोज ११ तर ३२-बिटमध्ये येतच नाही. बिल आणि लॉकचा नंबर काढून कंपनीला फोन करा, यूएसबी लॉक किंवा नवी आवृत्ती किती पैसे भरून मिळेल ते विचारा.

पेजमेकर ७ हा ३२-बिट प्रोग्रॅम आहे, ११ वर बऱ्याच जणांकडे चालतो. जुने फाँट टाकलेत की जुन्या फायली उघडून प्रिंट निघायला अडचण येऊ नये.

माझं मत विचाराल तर जुना पीसी मोडीत काढू नका. त्यात साधी साटा एसएसडी टाका, जुन्या डिस्कचं क्लोनझिला या प्रोग्रॅमने क्लोन (हुबेहूब नक्कल) करा, नेटची केबल काढून टाका आणि तो फक्त टायपिंगला ठेवा. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपलाय, त्यामुळे त्यावर बँकेचं किंवा जीएसटीचं काही उघडू नका.

प्रतिसाद २

वरच्यांचं बाकी सगळं मान्य, पण टकटक वाजणारी डिस्क थेट क्लोनला लावू नका. संपूर्ण डिस्क वाचता वाचता ती मध्येच राम म्हणेल. आधी पेजमेकरच्या फायली आणि विंडोजमधलं फाँट्सचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या, चालू वर्षाची कामं सगळ्यात आधी. मग क्लोन करा, आणि तेही डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने. खराब जागा बाजूला ठेवून आधी चांगलं वाचता येईल तेवढं ते उचलतं.

आणखी एक. पेजमेकरच्या जागी आलेलं इनडिझाइन सीएस६ पर्यंत पेजमेकरच्या फायली उघडायचं, पुढच्या सीसी आवृत्तीत ती सोय काढली. तेव्हा नेहमीच्या कामांच्या पीडीएफ आत्ताच काढून ठेवा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. फाँट आणि चालू कामं बाहेर घेतली. एका जुन्या स्मरणिकेच्या फोल्डरपाशी कॉपी अडकून बसली, ते तसंच सोडून पुढे गेलो. दुकानदाराला ‘एफ’बद्दल विचारलं तर “टायपिंग मिस्टेक झाली” म्हणाला आणि नव्या कोटेशनमध्ये थोडे पैसे वाढवून साधा १२१०० लिहून दिला. लॉकचा नंबर सापडलाय, बिल शोधतोय.

आता एकच राहिलं. एचपी १०२० प्रिंटर विंडोज ११ ला कुणी लावलाय का? ऑफसेटच्या प्लेटसाठी गेटवेवर (ट्रेसिंग पेपरवर) प्रिंट काढायची तर मला तोच लागतो, १२ए कार्ट्रिजमधून काळं कसं गच्च येतं.