दोन लोखंडांमधली ती रेघ: बंध की जमाखर्च?

म्हापशेकर
एमएस्सीच्या दोन मुलींची शिकवणी घेतो. काल डायआयर्न नॉनाकार्बोनिलवर अडलो, म्हणजे दोन लोखंडाचे अणू आणि नऊ सीओ (कार्बन मोनॉक्साइड) यांचा रेणू. रचना सोपी: दोन लोखंडं, प्रत्येकाच्या टोकाला तीन-तीन सीओ, आणि मधले तीन सीओ दोघांनाही धरून. आता एका लोखंडाभोवतीचे इलेक्ट्रॉन मोजा. लोखंडाचे स्वतःचे 8, टोकाच्या तिघांचे 6, मधल्या तिघांकडून एकेक म्हणजे 3. झाले 17. अशा रेणूत धातूभोवती अठरा हवेत हा नियम, म्हणून पुस्तकं सांगतात, दोन लोखंडांमध्ये बंधाची रेघ ओढा!
वही जुळत नाही म्हणून दुकानदार किरकोळ खर्च दाखवतो, त्यातलाच हा प्रकार. पणजी आणि पर्वरी तीन पुलांनी जोडलीत, म्हणून दोन काठ एकमेकांना चिकटले असं कोण म्हणेल? माझ्या मते ही रेघ शिकवायचंच बंद करावं.

फोंड्याचे मास्तर
पुलांची उपमा झकास. पण दोन गोष्टी सोयीस्कर गाळल्यात. पदार्थ प्रतिचुंबकीय आहे, म्हणजे त्यातले सगळे इलेक्ट्रॉन जोडीत आहेत. सुटे इलेक्ट्रॉन उरले असते तर चुंबकाने सांगितलं असतं. आणि अंतर बघा, 2.52 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग). साध्या लोखंडात शेजारच्या अणूंमध्ये 2.48 असतं. इतक्या जवळ बसून दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत म्हणता?

म्हापशेकर
मास्तर, जवळ त्यांना पुलांनी आणलंय. एकच कार्बन दोघांना धरणार, तर दोघांना सरकावंच लागतं. इलेक्ट्रॉनांची जोडी पुलाच्या कार्बनमार्गेही जमते, त्याला थेट बंध लागत नाही. इलेक्ट्रॉन घनतेची गणितं केली तेव्हा दोन लोखंडांमध्ये थेट बंधाची वाट सापडली नाही.

डिचोलीवाला
एका रेणूवरून सगळ्या क्लस्टरांची, म्हणजे धातूच्या अणूंचे पुंजके असलेल्या रेणूंची, जात ठरवू नका. ऑस्मियमचा त्रिकोण घ्या: तीन ऑस्मियम, बारा सीओ, प्रत्येकावर चार, सगळे टोकाचे. पूल एकही नाही! तरी 2.88 अँगस्ट्रॉमवर तिघं घट्ट बसलेत. मग त्यांना धरलंय कुणी? मँगनीजचं डेकाकार्बोनिलही तसंच: दोन मँगनीज, दहा सीओ, पूल नाही. मध्ये फक्त धातू-धातू बंध, उजेड पडला की तो तुटतो आणि दोन अर्धुकं सुटतात. रेघच नसती तर तुटलं काय?

म्हापशेकर
ऑस्मियम मान्य. मँगनीजही. तिथली रेघ खरी, रेघ शिकवूच नये हे माझं म्हणणं जरा जास्तच झालं.
पण आता रोडियमकडे या. सहा रोडियम, सोळा सीओ, आठ बाजूंचा पिंजरा म्हणजे अष्टफलक. त्याला बारा कडा. प्रत्येक कड म्हणजे दोन इलेक्ट्रॉनांचा बंध धरला तर अठराच्या नियमाने एकूण 84 निघतात. प्रत्यक्षात आहेत 86: रोडियमचे सहा नव्वे 54, आणि सीओचे 32. वेड या रसायनशास्त्रज्ञाच्या पिंजऱ्यांच्या हिशेबाने प्रत्येक धातूचे बारा बाजूला ठेवले की सांगाड्याला उरतात 14, म्हणजे सात जोड्या. बारा रेघा आणि सात जोड्या! त्या सात साऱ्या पिंजऱ्यात वाटल्या गेल्यात, कुठल्याच एका कडेच्या नाहीत. मग प्रत्येक रेघ सारखीच ठसठशीत कशी काढायची?

फोंड्याचे मास्तर
हे मात्र बरोबर. पण वेडचा हिशेबसुद्धा मोजणीच ना? तुम्ही जमाखर्चाला हसता आणि दुसरी वही उघडता.

वेर्ण्याची लॅबवाली
रेघेचं तुमचं चालू द्या. नॉनाकार्बोनिल टेट्राहायड्रोफ्युरान या द्रावकात ढवळलं की लोखंडाचं पेंटाकार्बोनिल सुटतं आणि ते विषारी. फ्यूमहूडबाहेर (वायू ओढून घेणाऱ्या कपाटाबाहेर) ती सोनेरी चकत्यांची बाटली उघडायची नाही. मुलींना आधी हे सांगा.

शिकवणीतली एक
त्या दोघींतली मीच, सर. पूल आहेत हे मला मोजणीने नाही, इन्फ्रारेडच्या आलेखावरून पटलं. बंध जितका सैल, तितका त्याचा पट्टा खालच्या आकड्याला. मोकळा सीओ 2143 ला (प्रति सेंटीमीटर). टोकाचे 2000 च्या वर, आणि खाली 1830 च्या आसपास वेगळाच एक पट्टा. पुलावरच्या सीओला दोन्हीकडून इलेक्ट्रॉन मिळतात, म्हणून त्याचा स्वतःचा बंध सैल. पण धातू-धातूमधल्या रेघेचा असा स्वतंत्र पट्टा या आलेखात कुठे दिसत नाही.
गेल्या सत्रात मी ती तुटक काढली. एक मार्क गेला.

डिचोलीवाला
तपासणाऱ्याने कारण लिहिलं होतं?

शिकवणीतली एक
नाही. पेनने माझ्या तुटक रेघेवरून सरळ रेघ ओढली होती.

म्हापशेकर
ती उत्तरपत्रिकेची प्रत असली तर मंगळवारी घेऊन ये. मास्तर, तुम्हीही या. म्हापशाला बाजार संपला की चारला बसू.