मदत हवी आहे: लहान मुलांच्या विकासाचा स्कोअर काढायला एसपीएसएसशिवाय काय वापरू?

सातपुडा_वारा:
राम राम मंडळी. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरच्या तीन वर्षांखालच्या मुलांची माहिती एक्सेलमध्ये भरून तयार आहे. वजन-उंचीचं काही अडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं अँथ्रो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, झेड-स्कोअर (वयाच्या सरासरीपासून मूल किती दूर आहे ते) निघाले.

अडलंय ते विकासाच्या भागात. जीएसईडी या लहान मुलांचा विकास मोजायच्या आंतरराष्ट्रीय साधनाचा शॉर्ट फॉर्म आयांना पावरी बोलीतून विचारला: मान धरतं का, दोन शब्द जोडून बोलतं का, असे प्रश्न. उत्तरं हो, नाही किंवा माहीत नाही. वरिष्ठ म्हणतात, होकार मोजा आणि सरासरी काढा. मला ते पटत नाही. दहा महिन्यांचं मूल आणि तीस महिन्यांचं मूल एका रांगेत कसं लावायचं? त्यात वयाप्रमाणे प्रत्येकाची सुरुवात वेगळ्या प्रश्नापासून झालेली. एसपीएसएस हे आकडेवारीचं विकतचं सॉफ्टवेअर घ्यायला पैसे नाहीत, लॅपटॉप जुना आहे, आणि रेंजसाठी शहाद्याला उतरावं लागतं.

जळगावची_केळी:
भो, तुमची शंका बरोबर आहे, नुसती बेरीज इथे चालत नाही. आर (R) हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर टाका आणि त्यात 'डीस्कोअर' (dscore) हे पॅकेज. दोन्ही फुकट, एकदा उतरवलं की नेट लागत नाही. आत रॅश मॉडेल नावाचं संख्याशास्त्रातलं गणित आहे. प्रत्येक प्रश्नाची काठिण्यपातळी आधीच ठरलेली असते, त्यामुळे वेगवेगळे प्रश्न विचारलेली मुलंही एकाच मापावर येतात. त्या आकड्याला डी-स्कोअर म्हणतात, आणि वयाच्या मानाने मूल कुठे आहे ते डीएझेड सांगतो, उंचीच्या झेड-स्कोअरसारखंच.

कॉलमांची नावं मात्र जीएसईडीच्या नऊ अक्षरी कोडमध्येच हवीत, नाहीतर पॅकेज तो प्रश्न गुपचूप सोडून देतं. हो म्हणजे १, नाही म्हणजे ०, आणि 'माहीत नाही' रिकामं ठेवा. तिथे शून्य भरलं तर मूल नापास धरलं जाईल. वय ते दशांश वर्षांत मागतं. महिने द्यायचे असतील तर तसं सांगावं लागतं. कोणती 'की', म्हणजे काठिण्यपातळ्यांचा कोणता संच, वापरली तेही अहवालात लिहा. की बदलली की आकडे बदलतात.

साक्री_ताई:
एक भर घालते. जिना चढण्याचा प्रश्न पाड्यावर कसा विचारलात? कुडाच्या घराला जिना कुठला? आई 'नाही' म्हणते, कारण मुलाने जिना कधी पाहिलाच नाही. अशा उत्तरांवर खूण केलेली असेल तर ती उत्तरं रिकामी करा. थोडे प्रश्न गळाले तरी स्कोअर निघतो, फक्त त्याची प्रमाण त्रुटी, म्हणजे आकड्यातली अनिश्चितता, वाढते, आणि पॅकेज तीही छापतं. आणि हो, पुढे दोन ते पाच वर्षांची मुलं घ्यायची झाली तर युनिसेफचा ईसीडीआय२०३० हा बालविकासाचा निर्देशांक बघा, २० प्रश्नांचा आहे. पण तो लोकसंख्येचं चित्र द्यायला बनवलाय, त्यावरून एकेका मुलावर शिक्का मारू नका.

सातपुडा_वारा:
ताई, जिन्याचं अगदी खरं! शेऱ्याच्या रकान्यात बऱ्याच ठिकाणी 'जिना नाही' लिहिलंय, ते आता कामी येईल. आता राहिला वयाचा घोळ. काही घरी माता-बाल संरक्षण कार्ड नाही आणि रजिस्टरची तारीख अंदाजे.

जळगावची_केळी:
मग डीएझेड सगळ्यात आधी बिघडेल. सहा महिन्यांच्या बाळाला एक महिना इकडेतिकडे झाला तरी फार होतो. आशाताईला सोबत घ्या आणि काठीच्या होळीच्या आधी जन्म की नंतर, पेरणी झाली होती का, असं विचारत महिना गाठा. अंदाजे वय असलेल्यांचा वेगळा कॉलम करा, त्यांना धरून आणि वगळून दोन्ही निकाल काढा. फरक मोठा निघाला तर तोच वरिष्ठांना दाखवा.

सातपुडा_वारा:
बरं भाऊ, पॅकेज उतरवायला बाजाराच्या दिवशी शहाद्याला जातो. पावरी भागासाठी सण-हंगामांची अशी दिनदर्शिका कोणी आधीच बनवलेली असेल तर कृपया इथेच टाका.